डिस्कवरची तिची जागा

बोरी अरबला माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मशीन आणून काउंटरवर ठेवतात आणि मी झाकण उघडायच्या आधीच सांगतात, "भाऊ, फॉरमॅट मारून द्या." पंख्यात धूळ बसलेली असो की उंदरानं वायर कुरतडलेली असो, म्हणणं एकच. डॉक्टरनं सलाईन लावली की आमच्याकडे पेशंटला लगेच बरं वाटायला लागतं, त्यातलाच हा प्रकार. मी एवढंच विचारतो, "डी ड्राइव्हमधलं ठेवायचं ना?" ते म्हणतात, "हाव." मग सी पुसायची, डी ठेवायची. लेकरांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सातबारे, सगळा गाव डीमध्ये राहतो.

ज्या जागेला अक्षरच नाही तिच्याकडे माझं लक्ष जात नाही, हातच तसा बसला आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. ते खरं नव्हतं. मी तसा कमी बोलणारा. दुकानात ते खपून जातं. घरात मात्र त्याच्या आड पुष्कळ काही लपवता येतं. आता बायकोला सांगून झालंच आहे, तेव्हा लिहायलाही हरकत नाही.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा जवळच्याच एका बंजारा तांड्यावर आहे. पहिलीत येणारी लेकरं घरी गोरबोली बोलतात. आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी. पुस्तक उघडलं की त्यात आई आणि भाकरी. पहिले काही महिने ती नुसती तोंडाकडे बघत बसतात आणि नवीन आलेला शिक्षक म्हणतो, पोरं मठ्ठ आहेत. "मीही तसंच म्हटलं होतं," हे बायकोच सांगते. ती मारेगावकडची, शेतकऱ्याची लेक. गोरबोलीचा एक शब्द तिला येत नव्हता; ती पुढे लेकरांकडूनच शिकली.

एकदा यवतमाळच्या एका प्रशिक्षणातून ती डीव्हीडी घेऊन आली. तिच्यात लिनक्स होती, विंडोजसारखीच सिस्टिम, पण फुकटात मिळणारी आणि मराठीतून दिसणारी. तिच्यात एक सोय होती. चित्र ठेवायचं, त्याला आवाज जोडायचा. लेकरानं चित्रावर टिचकी मारली की आवाज येणार. पहिलीच्या लेकरांना चित्र दाखवून आधी त्यांच्या बोलीतला शब्द ऐकवायचा आणि मग मराठी, असं तिच्या मनात होतं.

"हे आपल्या घरच्या कम्प्युटरवर टाकून देता का?"

"विंडोज काढणार नाई हं मी. माझं काम असते तिच्यात."

"काढा कोण म्हणते? दोघी नाई का राहत एका घरात?"

राहतात. मी डिस्कचा एक तुकडा तोडून तिला दिला, त्यावर तिची सिस्टिम बसवली. त्यानंतर बटन दाबलं की काळ्या पडद्यावर आधी यादी यायची. वर विंडोज, खाली तिची. बाण खाली न्यायचा, एंटर दाबायचं. थोडा वेळ कोणी काही दाबलं नाही तर आपोआप विंडोज उघडायची, कारण मी तशी लावली होती. ती बटन दाबून दूध उतू जातं का ते पाहायला आत जायची आणि येऊन बघते तर निळा पडदा. "झालं. यांचीच उघडली," असं म्हणून पुन्हा बंद, पुन्हा चालू. यादीत तिची ओळ वर घेणं माझ्यासाठी चुटकीचं काम होतं. तिनं सांगितलं नाही, मी केलं नाही.

शाळेत खिचडी शिजवणारी बाई तांड्यावरचीच. खिचडी शिजेपर्यंत बायको तिच्यासमोर मोबाईल धरायची आणि ती बोलायची. आधी नुसते शब्द, मग गोष्टी. कोल्ह्याची, दोन बहिणींची, रुसून माहेरी निघालेल्या सुनेची. गोष्टी तिच्या सासूच्या. कुठं अटकली तर घरी जाऊन सासूला विचारून यायची आणि दुसऱ्या दिवशी पुढची सांगायची. मागे झाऱ्याचा खणखणाट, पोरांचा गलका. मोबाईलमध्ये तेव्हा जागा फार नसायची, म्हणून बायको घरी येऊन ते कम्प्युटरवर घ्यायची आणि मोबाईलमधलं पुसून टाकायची. शाळेला कम्प्युटर मिळाला की सगळं तिकडे न्यायचं, असं ठरलेलं.

"याची एखादी कॉपी काढून ठेवा ना," ती म्हणायची.

"काढतो," मी म्हणायचो.

त्या वर्षी लग्नसराईत मी व्हिडिओ जोडून द्यायचंही काम घेतलं होतं आणि ते घरच्या मशीनवर करत होतो. एका दुपारी, ती शाळेत असताना, एका लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबला. डिस्क भरली. नवरदेवाचा काका घरासमोर गाडी लावून बसलेला. मी डिस्कचा नकाशा उघडला. सी होती, डी होती आणि तिसरा एक भाग होता, अक्षर नसलेला. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, ती त्याला बिननावाची जागा समजते. तो पुसायचा म्हटलं तर पडद्यावर प्रश्न आला, इथला सगळा डेटा जाईल, चालेल का?

तो तुकडा मी माझ्या हातानं तोडला होता. केवढा आहे ते मला पाठ होतं. त्या प्रश्नासमोर मी थांबलो, काका बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि तरी हातात वेळ होता. मी हो म्हटलं.

कारण हवं असेल तर सांगतो, पण ते फार लहान आहे. रोज संध्याकाळी ती यादीतल्या त्या खालच्या ओळीत जाऊन बसायची, कानाला हेडफोन लावायची आणि एकटीच हसायची. मी विचारलं काय झालं, तर म्हणायची, "मराठीत सांगितलं तर मजा जाते." मला ते आवडत नव्हतं. एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

मोकळी झालेली जागा मी डीला जोडली, व्हिडिओ पुरा केला, काकाला दिला. मग मशीन बंद करून चालू केलं तर काहीच उघडेना. काळ्या पडद्यावर काहीतरी बिघडल्याची एक इंग्रजी ओळ आणि पुढे लुकलुकणारी रेघ. ती निवडायची यादीच तिच्या भागात राहत होती. विंडोजची वाटही तिच्याच दारातून जात होती. दुरुस्तीवाल्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत मी विंडोजची डीव्हीडी लावून वाट सरळ करून घेतली.

ती आली, हातपाय धुऊन बसली, बटन दाबलं.

"यादी नाई आली आज."

मी काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून जे निघालं ते असं: "काल लाईट गेली तवा तू बटन दाबून बंद केलतं ना? त्याच्यानं उडालं असंन."

लाईट गेली होती हे खरं. यूपीएस टूं टूं करायला लागला तशी घाबरून तिनं बटन दाबून धरलं होतं, हेही खरं. त्यानं काही झालेलं नव्हतं.

"माह्याच हातानं?" ती म्हणाली.

"होते कधी कधी."

"निघत नाई का काई? लोकाईचे फोटो काढून देता ना तुमी?"

देतो. लगेच हात लावला असता तर तिचंही बरंच निघालं असतं. पण तोवर त्या जागेवर एका अनोळखी नवरीची वरात पसरली होती. आणि काढायला बसलो असतो तर ती बाजूला खुर्ची ओढून बसली असती. डिस्क यवतमाळला दाखवतो म्हणालो. दाखवली नाही. काही दिवसांनी "नाई निघालं" म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली.

तिनं ते काम पुन्हा सुरू केलं नाही. पुठ्ठ्याचे तक्ते करून शिकवत राहिली. "माह्या हाताले यश नाई त्याच्यात," असं म्हणायची. ती तांड्यावर त्या बाईच्या घरी माफी मागायला गेली होती, हे मला उशिरा कळलं. आणि एक सवय लागली. तेव्हापासून ती कोणताही कम्प्युटर स्वतः बंद करत नाही. शाळेची ऑनलाईन माहिती दुसरे सर भरतात. घरी कधी बसलीच तर उठताना मला हाक मारते, "बंद करून द्या."

एकदा दुकानात तिचा फोन आला. "लवकर या. लाईट गेली, टूं टूं करून राह्यलं."

"अवं, बंद कर ना मंग."

"नाई. तुमीच या."

मी हसत घरी गेलो. ती मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसली होती, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहतात तशी. यूपीएस ओरडत होता. मी मशीन बंद केलं. ती म्हणाली, "बरं झालं आले." त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी दुकानात परत गेलो आणि कोणाचा तरी प्रिंटर उघडून बसलो.

गेल्या दिवाळीच्या आधी शाळेला शेवटी कम्प्युटर मिळाला. कुण्या कचेरीतून निघालेला, जुना पण धडधाकट. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरीच डॉक्टर आहे." सुटीत मी तो घरी आणला, नवी डिस्क घातली. त्यात तीन सिस्टिम बसवायच्या होत्या. शाळेच्या कामाला विंडोज, लेकरांच्या खेळांची एक हलकी लिनक्स आणि तिसरी मी न विचारताच धरली होती, तिची.

दुपारची वेळ. मी पुढच्या खोलीत मशीन मांडलं होतं. ती खाली बसून मेथी निवडत होती. पडद्यावर डिस्कची लांब पट्टी होती, तिचे तीन तुकडे पाडलेले.

"पाह्य," मी म्हटलं, "हा विंडोजचा. हा लेकराईच्या खेळाचा. अन् हा तुझा."

"माहा नका ठेवू."

"काहून?"

"त्या दोघाईले द्या जागा. माह्या हातानं एखाद दिवस बटन दाबल्या जाईन, अन् माह्यासंगं लेकराईचंही जाईन."

ती हे दुःखानं म्हणाली नाही. भाजीत मीठ बेतानं घाला म्हणावं तशी म्हणाली. तेच मला सहन झालं नाही. इतकी वर्षं तिनं ते स्वतःच्या हाताला लावून घेतलं होतं आणि ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"तुह्या हातानं नव्हतं गेलं ते," मी म्हटलं.

"मंग?"

"म्या पुसलं."

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. "चुकून?"

तिनंच मला बाहेर पडायची वाट काढून दिली होती. हाव म्हटलं असतं तर तिनं चहा ठेवला असता, मला माहीत आहे.

"चुकून नाई. तुझंच आहे ते दिसत होतं मले."

"त्या लग्नाच्या व्हिडिओसाठी?"

"व्हिडिओसाठी. अन् तू तिथी बसून हासत जायची म्हणून."

तिनं मान वर केली. "मी हासत जायची म्हणून?"

"हाव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, ओळख पटत नाही तसं. मग मेथी, परात, कागद, सगळं उचलून आत गेली. काही वेळानं भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज आला. जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी भावाच्या शेतात सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेतात पूजा करतात, दहीभात शिंपडतात, मग ओटीत पहिली बोंडं घेतात. दरवर्षी ती माझ्या गाडीवर येते. या वेळी वहिनीसोबत बैलगाडीत गेली. मी मागून गेलो. पूजा झाली, तिनं सगळ्यांच्या हातावर दहीभात ठेवला, माझ्याही ठेवला. बाकीच्या बायका ओळीनं वेचायला लागल्या तेव्हा ती बांधाशी माझ्याजवळ आली.

"मी गेलती तिच्या घरी तवा," ती म्हणाली. "म्हटलं, बाई, तुमच्या एवढ्या गोष्टी माह्या हातानं गेल्या. मलेच रडू आलं. तिनं चहा पाजला मले. तिची सासू म्हणे, मॅडमले दूध जास्त टाक. अन् तुमी दुकानात होते."

"हाव."

"हाव काय?"

"दुकानात होतो."

"शाळा उघडली की चला संगं. तिले तुमच्या तोंडानं सांगा. मी नाई सांगणार."

तिनं ओटी खोचली आणि ओळीत जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर मी राहिलेलं काम पुरं केलं. ती येऊन मागे उभी राहिली. यादी आली होती, तीन ओळींची.

"कोणती आपोआप उघडू देऊ?" मी विचारलं. "तुझी ठेवतो."

"कोणतीच नको. थांबू द्या तिले. ज्याले जे पाहिजे ते तो निवडंन."

मी तशी लावली. आता ती यादी कितीही वेळ थांबते. कोणी काही दाबल्याशिवाय पुढे जात नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली. ऑटोत मशीन टाकून आम्ही तांड्यावर गेलो. काही घरं ऊसतोडीला गेल्यानं वर्ग अर्धा रिकामा होता. मी मशीन जोडून दिलं आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. ती बाई तांदूळ धूत होती. बायको दारात उभी राहिली, आत आली नाही.

मी सांगितलं. फार लांबवलं नाही; मला लांबवता येत नाही.

"तुमी पुसलं?" बाईनं विचारलं.

"हाव."

"मॅडमनं नाई?"

"नाई. तिनं काईच नाई केलं."

ती दाराकडे वळली. "मंग तुमी कायले रडल्या जी माह्या घरी? फुकटचं आमचं दूध गेलं."

बायकोला हसू आलं, तिनं ते पदरात धरलं. बाई माझ्याकडे फिरली. "अन् भाऊ, तुमचं दुकान कसं चालते? लोकाईचं बी असंच पुसता का? तरी म्हटलं, माह्या जावयाच्या मोबाईलमधलं सारं कसं गेलं!"

"त्याचा पाण्यात पडला होता," मी म्हटलं.

"पडलाच असंन आता. कोणाले विचारू?"

तिनं तांदळाचं पाणी ओतलं. मग तिचा आवाज खाली आला. "कोल्ह्याची येते मले. बहिणीची येते. ते रुसलेल्या सुनेची पुरी नाई येत. तवा अटकली की सासूले विचारत जायची मी. सासू गेली आता."

  बायकोनं मला माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही आणि तिनं आपणहून काढलेलं नाही. तांडा सोडून दुसऱ्या गावी शिकायला गेलेली, तोडीवर गेलेली पोरं, ज्यांचे पहिलीतले आवाज त्या तुकड्यात होते, ती आता मोठी झाली असतील. ते आवाज परत येत नाहीत. त्यावर मी काही बसवू शकत नाही.

"येते तेवढी सांगा," बायको म्हणाली.

खिचडी चुलीवर चढवून बाई हात पुसत वर्गात आली. बायकोनं स्वतः बटन दाबलं. यादी आली आणि थांबली. तिनं बाण खाली नेला, अजून खाली नेला, एंटर दाबलं, माईक बाईसमोर ठेवला. मी दाराबाहेर उभा होतो. बाई बोलायला लागली, मधे थांबली, पुन्हा मागून सुरुवात केली. सून रुसून निघाली, नाल्यापर्यंत आली, आणि नाल्याशी गोष्ट अडकली. तिथं कोणीतरी तिला भेटतं, पण कोण, ते बाईला आठवेना. "म्हातारी? का मोर?" ती स्वतःशीच म्हणाली.

बायको उठून बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्या अगदी जवळ उभी होती.

"सासूची लेक आहे ना तिची, नणंद. पुढच्या तांड्यावर दिली. तिले येत असंन. गाडी काढा अन् आणा तिले."

"आपली गाडी घरी आहे."

"शाळेतल्या दुसऱ्या सरांची घ्या. चाबी लावूनच असते."

"ती येईन का माह्यासंगं? मले ओळखत नाई ती. काय सांगू?"

"काय झालं ते सांगा. कोणी पुसलं तेही सांगा. नाई तर वेचणी सोडून कोण येते?"

मी गेलो. घरी कुलूप होतं. शेजारणीनं शेत दाखवलं. कापूस फुटून पांढरं झालेलं रान, त्यात बायका ओळीनं वाकलेल्या. मी बांधावर उभा राहून हाक दिली. त्यांतल्या एकीनं वर पाहिलं, हात थांबवले नाहीत.

"मी मॅडमच्या घरचा," मी म्हटलं आणि सांगायला सुरुवात केली, की तुमच्या आईच्या गोष्टी होत्या, आमच्या कम्प्युटरमध्ये होत्या, आणि त्या मी...

"जोरानं बोला जी," ती बोंडं ओटीत टाकत म्हणाली. "इथवर ऐकू नाई येत."